वादग्रस्त प्लॅटफॉर्म गेमवरची टीका कशी पारखावी

‘सुपर मारिओ सनशाइन’ हा गेम जुलै २००२ मध्ये जपानमध्ये निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्रावर आला. त्या वेळच्या समीक्षकांनी त्याचे मनापासून स्वागत केले आणि समीक्षांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिक या संकेतस्थळावर त्याची गुणसरासरी १०० पैकी ९२ भरली. तरीही मारिओच्या त्रिमितीय गेमचा विषय निघाला, की वादाला तोंड फुटते ते हमखास याच गेमवरून. पाठीवर पाण्याचा पंप बांधलेला मारिओ हा मारिओच नव्हे, असे एक बाजू म्हणते. त्या पंपामुळेच हा गेम मालिकेतला सर्वांत ताजा गेम ठरला, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्हीकडच्या लोकांनी गेम पुरता खेळलेला असतो, दोघांनाही तो तोंडपाठ असतो, आणि तरीही तासाभराने वाद जिथे सुरू झाला होता तिथेच उभा असतो.

असे वाद मी अनेक वर्षे तावातावाने घातले आहेत. त्यांतून माझी अशी खात्री झाली आहे, की बहुतेक वेळा खोट माणसांत नसून त्यांनी निवडलेल्या प्रश्नात असते. ‘हा गेम टीकेला पात्र आहे का’ हा प्रश्न एवढा अवाढव्य आहे, की त्याला ‘हो’ आणि ‘नाही’ एवढीच उत्तरे सुचतात आणि दोन्ही अपुरी पडतात. टीका मात्र नेहमी सुट्या वाक्यांची बनलेली असते, आणि त्यातले एकेक वाक्य हातात घेऊन ते खरे उतरते का, हे प्रत्यक्ष खेळून पाहता येते. ते कसे पाहावे हे मी मुख्यतः सनशाइनच्या आधारे सांगणार आहे, कारण हा गेम मला अतिशय प्रिय आहे आणि त्याचे दोषही मी जवळून पाहिलेले आहेत.

दोघे एकाच गेमविषयी बोलत आहात का

वादाच्या सुरुवातीलाच समोरच्याला विचारावे, की त्याने गेम कोणत्या यंत्रावर, कोणत्या कंट्रोलरने आणि कोणत्या पडद्यावर खेळला. हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण अर्धे वाद याच्या उत्तरातच मिटतात.

गेमक्यूबच्या कंट्रोलरवरचे उजवे ट्रिगर बटण किती खोल दाबले आहे, हे त्या यंत्राला कळत असे. ते हलके दाबले, की मारिओ धावता धावता पाणी फवारे आणि फवाऱ्याचा जोर बोटाच्या दाबाप्रमाणे कमीजास्त होई. तेच बटण तळापर्यंत दाबून ‘टक्’ असे बसले, की मारिओ जागच्या जागी थांबे आणि खेळाडूला निवांत नेम धरता येई. धावणे, फवारणे, थांबणे आणि नेम धरणे हा सगळा व्यवहार एका बोटाच्या एकाच हालचालीत उरकत असल्यामुळे काही दिवसांत हाताला त्याची इतकी सवय होई, की त्याचा विचारही करावा लागत नसे. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये ‘सुपर मारिओ थ्रीडी ऑल-स्टार्स’ या संचातून हा गेम निन्टेंडोच्याच स्विच या यंत्रावर आला. स्विचच्या ट्रिगर बटणांना दाबाची खोली कळत नाही, म्हणून धावता फवारा आणि थांबून नेम ही दोन कामे दोन वेगळ्या बटणांवर वाटून द्यावी लागली. ज्याने गेम पहिल्यांदा स्विचवर खेळला त्याला ‘फवारा मारताना बोटांचा गोंधळ उडतो’ असे वाटणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ज्याने तो २००२ मध्ये खेळला त्याला ही तक्रार ऐकून नवल वाटणेही तितकेच स्वाभाविक आहे.

काही गेमच्या बाबतीत फरक याहूनही मोठा असतो. २००८ चा ‘सोनिक अनलीश्ड’ एक्सबॉक्स ३६० आणि प्लेस्टेशन ३ वर एक होता, तर निन्टेंडोच्या वी (Wii) आणि प्लेस्टेशन २ वर त्याच नावाचा, पण वेगळ्या रचनेच्या लेव्हल असलेला गेम होता. अशा वेळी आवृत्ती न विचारता भांडणारे दोघे दोन निराळ्या गेमविषयी भांडत असतात.

पडद्याविषयीची गोष्ट मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझा धाकटा भाऊ सनशाइन खेळताना कडेवरून सारखा खाली पडत असे आणि दर वेळी मागे वळून म्हणे, “दादा, मी बटण दाबलं होतं. तो उडालाच नाही.” मी त्याला कितीतरी दिवस ‘तू उशीर करतोस’ एवढेच सांगत राहिलो. एका संध्याकाळी मी त्याच्या शेजारी बसून पडद्याऐवजी त्याच्या अंगठ्याकडे पाहिले, तेव्हा अंगठा खाली गेल्यानंतर मारिओचे पाय जमिनीवरून सुटायला डोळ्यांना जाणवेल इतका वेळ लागत होता. टीव्हीमध्ये चित्र गुळगुळीत करणारी प्रक्रिया चालू होती आणि गेमसाठीचा वेगळा मोड बंद होता. मोड चालू केल्यावर त्याचे पडणे थांबले नाही, पण ‘उडालाच नाही’ हे वाक्य मात्र थांबले. सनशाइन सेकंदाला ३० चित्रे दाखवतो, म्हणजे एक चित्र सुमारे ३३ मिलिसेकंद टिकते. टीव्हीने त्यात १०० मिलिसेकंदांची भर घातली, तर खेळाडू तीन चित्रे मागचे जग पाहून उडी मारत असतो. म्हणून उडीविषयी कोणतीही तक्रार करण्यापूर्वी टीव्हीचा गेम मोड चालू आहे ना, हे अवश्य पाहावे.

तक्रारीचे वाक्य नीट लिहून काढा

‘कॅमेरा भिकार आहे’ या वाक्यावर वाद घालता येत नाही, कारण त्यात पकडायला काहीच नाही. तेच वाक्य असे लिहावे, की त्यात जागा, कृती आणि परिणाम हे तिन्ही येतील: ‘सिरेना बीचवरच्या हॉटेलच्या आत, अरुंद खोल्यांत आणि छतावरच्या पोटमाळ्यात, मी वळलो की कॅमेरा भिंतीला अडतो आणि पुढची फट दिसेनाशी होते.’ आता हे वाक्य कोणालाही त्या हॉटेलात जाऊन तपासता येईल. मी तपासले आहे, आणि ते खरे आहे.

वाक्य असे नेमके केले की त्याचा आवाका कमी होतो, आणि टीका करणाऱ्याला ते सुरुवातीला पसंत पडत नाही. बियांको हिल्सच्या मोकळ्या उतारांवर हाच कॅमेरा फारसा त्रास देत नाही, खेळाडूला तो हवा तसा फिरवता येतो, आणि मारिओ एखाद्या भिंतीआड गेला तर त्याची काळी आकृती दिसत राहते, हे सगळे मान्य करावे लागते. पण जे उरते ते पक्के असते. ‘बंदिस्त जागेत कॅमेरा कोलमडतो’ ही टीका खोडून काढायला समोरच्याकडे काही नसते, तर ‘कॅमेरा भिकार आहे’ ही टीका त्याने एका मोकळ्या लेव्हलचे नाव घेताच कोसळते.

गेमचे कौतुक करणाऱ्यांनीही आपली वाक्ये याच कसोटीला लावावीत. ‘हालचालीत जादू आहे’ यापेक्षा ‘जॉयस्टिक गोल फिरवून मारलेल्या उडीनंतर पंपाच्या होव्हर नोझलने, म्हणजे तरंगवणाऱ्या तोटीने, हवेत तरंगत राहिले, की चुकलेली उडीही वाटेतच सावरता येते’ हे वाक्य वादात कितीतरी अधिक उपयोगी पडते.

पडल्यावर स्वतःला विचारायचे तीन प्रश्न

प्लॅटफॉर्म गेममध्ये, म्हणजे उड्या मारत पुढे जाण्याच्या गेममध्ये, खेळाडू पडणारच. पडणे हा या प्रकाराचा श्वास आहे. टीकेचा खरा प्रश्न असा असतो, की पडण्याचे माप कोणाच्या पदरात घालायचे. त्यासाठी मी कागद घेऊन बसतो आणि प्रत्येक पडण्यानंतर तीन गोष्टी लिहितो. मला जिथे उतरायचे होते ती जागा दिसत होती का? तिथे पोहोचायला काय करायचे, हे मला कळले होते का? आणि मी जे बटण दाबले तेच पात्राने केले का? तिन्ही उत्तरे ‘हो’ असतील, तर चूक माझी. त्यातले एखादे ‘नाही’ असेल, तर टीकेला आधार सापडला.

सनशाइनमध्ये ही परीक्षा घेण्यासाठी एक उत्तम जागा आयतीच मिळते. काही प्रसंगांत, म्हणजे प्रत्येक भागातल्या क्रमाने येणाऱ्या टप्प्यांत, मारिओ एखाद्या गुहेत शिरतो, त्याचे रूप घेतलेला सावली-मारिओ त्याच्या पाठीवरचा पंप हिसकावून पळून जातो, आणि मारिओ रिकाम्या आकाशात तरंगणाऱ्या, फिरणाऱ्या, सरकणाऱ्या ठोकळ्यांवर एकटा उरतो. पाणी नाही, तरंगणे नाही, चुकले तर सावरणे नाही. बियांको हिल्सच्या तिसऱ्या प्रसंगातली अशी लेव्हल घ्यावी आणि कागद जवळ ठेवून सलग तासभर खेळावी. ‘पंपाच्या आधाराशिवाय या गेमच्या उडीत दम नाही’ या टीकेचा निकाल तिथे लागतो. माझ्या कागदावर त्या तासात बहुतेक ठिकाणी तिन्ही ‘हो’ आले. ठोकळा फिरत आहे हे दिसत होते, कधी उडायचे हे कळत होते, मारिओ सांगितल्याबरोबर उडत होता, आणि मी घाई करत होतो. मारिओची सावली त्याच्या थेट खाली पडत असल्यामुळे आपण कशाच्या वर आहोत हेही समजत होते. त्रिमितीय गेममध्ये खोलीचा अंदाज येण्यासाठी त्या सावलीइतके विश्वासू दुसरे काही नसते. तेव्हापासून ती टीका मी मान्य करत नाही.

त्याच कागदावर पियांटा व्हिलेजच्या पाचव्या प्रसंगातली लेव्हल मात्र अगदी वेगळी दिसते. तिथे जागोजागी उभे असलेले पियांटा नावाचे रहिवासी मारिओला उचलून हवेत भिरकावतात, आणि तो कुठल्या दिशेला जाईल हे त्यांच्याशी बोलताना तुम्ही नेमक्या कोणत्या कोनात उभे होता यावर ठरते. कोन नजरेला सरळ दिसतो, बोलण्याचे बटण दाबले जाते, आणि मारिओ ठोकळ्याच्या शेजारून निघून खाली जातो. जागा दिसत होती, काय करायचे हे माहीत होते, पण झाले ते माझ्या बोटांनी सांगितलेले नव्हते. एका लेव्हलवरून गेमची परीक्षा करणे म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करणे, असे कोणी म्हणेल. पण प्लॅटफॉर्म गेममध्ये शिते एकसारखी शिजलेली नसतात, म्हणूनच लेव्हलगणिक निकाल वेगळा द्यावा लागतो.

तांत्रिक बाजू थोडी समजून घेतली, तर तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके देता येते. अनेक चांगल्या प्लॅटफॉर्म गेममध्ये पात्राचा पाय कडेवरून सुटल्यानंतरही क्षणभर उडीचे बटण स्वीकारले जाते, आणि जमिनीला टेकण्याच्या किंचित आधी दाबलेले बटणही लक्षात ठेवले जाते. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये या सवलती फार काळजीपूर्वक दिलेल्या आहेत. खेळाडूला त्या जाणवत नाहीत, त्याला फक्त ‘उडी हाताला बसते’ एवढेच वाटते. एखाद्या गेमची उडी ‘निसरडी’ किंवा ‘जड’ वाटत असेल, तर एका सपाट ठोकळ्याच्या कडेवर वीसपंचवीस वेळा मुद्दाम उशिरा आणि मुद्दाम लवकर बटण दाबून पाहावे, म्हणजे ती सवलत आहे की नाही, हे कळून येते.

अवघड असणे वेगळे आणि पुन्हा पोहोचणे महाग असणे वेगळे

वादात या दोन गोष्टींची सतत सरमिसळ होते. डेल्फिनो प्लाझा या गेममधल्या मध्यवर्ती शहरातून जाता येणाऱ्या एका गुप्त लेव्हलमध्ये मारिओला कमळाच्या पानावर बसून विषारी प्रवाहातून जायचे असते. पाण्याला स्पर्श झाला की जीव गेला. पान हळूहळू विरघळत जाते. आणि वाटेत दोन्ही काठांकडे विखुरलेली आठ लाल नाणी पाण्याचा फवारा मारून पान वळवत गोळा करायची असतात. हे अवघड आहे, पण अवघड असणे हा काही दोष नव्हे, आणि ही कल्पना मला स्वतःला सुंदर वाटते. दोष त्या लेव्हलच्या बाहेर आहे. तिच्या तोंडाशी पोहोचण्यासाठी योशीला (मारिओ ज्याच्यावर बसतो त्या डायनासोरला) संथपणे चालणाऱ्या बोटींवरून एकेक टप्पा पार करत न्यावे लागते, योशी पाण्याला लागला तर नाहीसा होतो, आणि आत सगळे जीव संपले की हा सगळा प्रवास पहिल्यापासून करावा लागतो. खेळाडू बोटीवर नुसता उभा असतो आणि बोट पुढे सरकण्याची वाट पाहत असतो. त्या वेळात तो काही शिकत नाही, काही सुधारत नाही.

म्हणून कोणी ‘ही लेव्हल फार अवघड आहे’ असे म्हटले, तर ‘तुला जमत नाही’ असे उत्तर देऊ नये. चूक झाल्यापासून पुन्हा त्याच जागी उभे राहायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजावे. तो वेळ काही सेकंदांचा असेल, तर ती टीका सरावाने विरते. तो काही मिनिटांचा असेल आणि त्या मिनिटांत खेळाडूला करण्यासारखे काही नसेल, तर टीका योग्य आहे आणि तिचे लक्ष्य लेव्हल नसून तिच्याकडे जाणारा रस्ता आहे.

निळ्या नाण्यांचा हिशेब

सनशाइनवरची सर्वांत गाजलेली टीका निळ्या नाण्यांवरची आहे, आणि ती पारखताना दोन्ही बाजूंचे खरे मुद्दे एकत्र कसे मांडावेत, हे चांगले दिसते. गेममध्ये एकूण १२० शाइन, म्हणजे गोळा करायची मुख्य बक्षिसे, आहेत. निळी नाणी २४० आहेत आणि दहा नाण्यांच्या बदल्यात एक शाइन मिळते, म्हणजे २४ शाइन, अर्थात एकूण शाइनचा पाचवा हिस्सा, फक्त या नाण्यांत अडकलेला आहे. सात मुख्य भागांत प्रत्येकी ३० नाणी आहेत, डेल्फिनो प्लाझामध्ये २० आणि अखेरच्या कोरोना माउंटनमध्ये १० आहेत.

नाणी लपवण्याला माझी हरकत नाही. भिंतीवरच्या खुणेवर पाणी मारल्यावर अचानक नाणे निघते, तेव्हा मला आजही आनंद होतो. अडचण अशी आहे, की प्रत्येक भागात आठ प्रसंग आहेत आणि काही नाणी ठरावीक प्रसंगांतच असतात. एखाद्या भागात किती नाणी झाली हे गेम सांगतो, पण कोणती राहिली आणि ती कोणत्या प्रसंगात आहेत हे सांगत नाही. तीसपैकी एकोणतीस नाणी मिळालेल्या खेळाडूला उरलेल्या एकासाठी तोच किनारा आठ वेळा पायाखाली घालावा लागू शकतो, आणि आठव्या फेरीतही आपण ते नाणे पाहूनही ओलांडून गेलो की ते इथे नव्हतेच, हे त्याला कळत नाही. शिवाय नाणे मिळाले की दर वेळी खेळ थांबवून प्रगती साठवायची का, असे विचारले जाते.

गेमची बाजू घेणारे म्हणतात, की ही नाणी ऐच्छिक आहेत. ते बरोबर आहे. शेवटच्या लढाईपर्यंत पोहोचण्यासाठी सातही भागांतला सातवा प्रसंग पूर्ण करावा लागतो. निळ्या नाण्यांची त्यासाठी गरज नाही. हा मुद्दा मान्य करूनही टीका टिकते, कारण गेम स्वतःच १२० हा आकडा पूर्णतेचे माप म्हणून पुढे ठेवतो आणि मग त्याचा पाचवा हिस्सा असा ठेवतो, की तो निरीक्षणाने कमी आणि चिकाटीने जास्त मिळतो. प्रसंगानुसार राहिलेल्या नाण्यांची साधी यादी दिली असती, तरी एकही नाणे न हलवता ही तक्रार जवळजवळ संपली असती. दोष दाखवल्यावर त्याचा इतका लहान उपाय दिसत असेल, तर ती टीका बहुधा योग्य असते, असा माझा अनुभव आहे. निळ्या नाण्यांवरची टीका मी हातचे काही न राखता मान्य करतो.

त्याच सातव्या प्रसंगाच्या अटीवर आणखी एक टीका होते, तिच्याकडे मात्र लोकांचे पुरेसे लक्ष जात नाही. १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ मध्ये १२० पैकी ७० तारे मिळाले की शेवटचा टप्पा खुला होई, आणि ते कोणते हे बव्हंशी खेळाडूच ठरवी. एक लेव्हल नकोशी झाली, तर ती सोडून दुसरीकडे जाता येई. सनशाइनमध्ये ती मोकळीक नाही. एखाद्या भागातला चौथा प्रसंग अडला, की पाचवा, सहावा आणि सातवाही अडतो. ही टीका ‘मला मारिओ ६४ हवा होता’ अशा सुरात केली जाते, म्हणून तिला नॉस्टॅल्जिया समजून बाजूला सारले जाते. खरे तर ती रचनेवरची गंभीर टीका आहे.

नाव बदलून पाहा

अपेक्षाभंगातून आलेली टीका ओळखण्याची एक सोपी युक्ती आहे. गेम तोच ठेवावा, पण नायकाचे नाव वेगळे आहे आणि ही कुठल्याच मालिकेतली कडी नाही, अशी कल्पना करावी, आणि टीका पुन्हा वाचावी. सनशाइनमध्ये मारिओ ६४ मधली लांब उडी नाही, ही तक्रार या युक्तीपुढे टिकत नाही. अनोळखी नायकाकडून ती उडी कोणी मागितली नसती, आणि तिची उणीव भरून काढायला गोल फिरून मारलेली उडी आणि तरंगणे आहेच. निळ्या नाण्यांवरची टीका मात्र नाव बदलले तरी तशीच राहते.

काळ गेला, की अपेक्षाभंगाची धार बोथट होते, याचे उदाहरण मारिओच्याच इतिहासात आहे. १९८८ मध्ये अमेरिकेत आलेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ हा मुळात १९८७ चा ‘डोकी डोकी पॅनिक’ नावाचा जपानी गेम होता. त्यातली पात्रे बदलून त्यात मारिओ आणि त्याचे सोबती घालण्यात आले. शत्रूच्या डोक्यावर उडी मारून त्याला चिरडण्याऐवजी जमिनीतून भाज्या उपटून फेकायच्या, हे कित्येकांना परके वाटले. पण त्यातला मुखवटा घातलेला शाय गाय पुढे मारिओच्या जगात कायमचा राहिला. याउलट २००८ च्या ‘बँजो-काझूई: नट्स अँड बोल्ट्स’मध्ये उड्यांच्या जागी वाहने जोडणे आले, आणि जुन्या चाहत्यांचा राग आजही पुरता निवळलेला नाही. वाहने जोडण्याची ती रचना कल्पक आहे, असे मला वाटते. तरीही त्या रागाला मी चुकीचे म्हणणार नाही, कारण मालिकेचे नाव देणे म्हणजे खेळाडूला एक शब्द देणे असते. फक्त ती टीका ‘मला दिलेला शब्द पाळला गेला नाही’ अशा स्वरूपात मांडावी. ‘गेम वाईट आहे’ हा त्याहून वेगळा दावा आहे.

कारण सांगताना सावध राहा

२००६ चा ‘सोनिक द हेजहॉग’ हे याबाबतीतले ठळक उदाहरण आहे. मालिकेला १५ वर्षे झाल्याच्या निमित्ताने तो आणला गेला. काम चालू असतानाच सोनिकच्या निर्मात्यांपैकी एक असलेले युजी नाका सेगा ही कंपनी सोडून गेले. संघाचा एक भाग वी या यंत्रासाठीच्या दुसऱ्या सोनिक गेमकडे वळवण्यात आला. आणि वर्षअखेरीच्या सणासुदीच्या विक्रीसाठी गेम वेळेत बाजारात उतरवायचा होता. हे सगळे कळले, की त्यावर काम करणाऱ्या माणसांविषयी मनात सहानुभूती निर्माण होते, आणि ती व्हायलाच हवी. पण एखाद्या माणसाशी दोन वाक्ये बोलण्यासाठी गेम लोडिंगचा पडदा आणतो, काम सांगून झाल्यावर पुन्हा आणतो, हा खेळाडूचा अनुभव त्या कारणांनी बदलत नाही. वादात कोणी कारणे सांगू लागला, तर ती ऐकून घ्यावीत आणि ‘असे का झाले’ या रकान्यात लिहावीत. ‘असे झाले का’ हा रकाना वेगळा ठेवावा.

मात्र या गेमच्या बाबतीत उलटा अन्यायही होतो. एकदा कानफाट्या नाव पडले, की प्रत्येक गोष्टीचे खापर त्याच डोक्यावर फुटते. ज्यांनी हा गेम कधी हातात घेतलेला नाही, ते केवळ त्यातल्या फजितीच्या चित्रफिती पाहून त्याचे संगीतही टाकाऊ ठरवतात. संगीत ऐकावे आणि मग बोलावे. मला ते त्या गेममधले सर्वांत प्रामाणिक काम वाटते.

प्रत्यक्ष बोलताना

समोरच्याचा मुद्दा आधी आपल्या शब्दांत मांडावा आणि ‘तुझे म्हणणे हेच आहे ना’ असे विचारावे. तो ‘हो’ म्हणेपर्यंत उत्तर देऊ नये. याला वेळ लागतो, पण मुद्द्यावरून गुद्द्यांवर येण्याची वेळ टळते. समीक्षकांचे गुण आणि विक्रीचे आकडे पुरावा म्हणून पुढे करू नयेत. सनशाइनचे ९२ गुण निळ्या नाण्यांची यादी देत नाहीत. ‘लहानपणी खेळलास म्हणून तुला आवडतो’ हे वाक्य तर कधीच वापरू नये, कारण ते गेमविषयी काहीच सांगत नाही आणि माणसाला मात्र दुखावते. लहानपणी खेळलेल्यानेही तो गेम आज पुन्हा दोन तास खेळून यावे, एवढी मागणी रास्त आहे. ‘पूर्ण खेळला नाहीस तर बोलू नकोस’ हा आग्रह अर्धाच योग्य आहे: ज्याने पाच तासांत गेम सोडला, त्याला त्या पाच तासांविषयी बोलण्याचा पूर्ण हक्क आहे, शेवटाविषयी नाही.

एखादा मुद्दा आपण हरलो असे वाटले, तर ते तिथल्या तिथे मोकळेपणाने सांगावे. ‘हॉटेलातला कॅमेरा वाईट आहे, तुझे बरोबर’ असे मी म्हटल्यावर समोरचा माझा पुढचा मुद्दा वेगळ्या कानाने ऐकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे.

सगळी वाक्ये अशी तपासून झाल्यावर काही वाक्ये उरतात, ज्यांना कसोटीच नसते. सनशाइनचे सगळे भाग एकाच बेटावरचे आहेत. एका किनाऱ्यावरून दूरवर दुसरा भाग दिसतो, सगळीकडे तेच ऊन आणि तेच निळे पाणी. मला त्यामुळे ते बेट खरे वाटते आणि तिथे परत जावेसे वाटते. माझ्या भावाला त्याचा कंटाळा येतो. त्याला बर्फ हवा, वाळवंट हवे, दर दारामागे नवे जग हवे. यावर आम्ही दोघे खूप बोललो आहोत आणि आता बोलत नाही. आकाशातल्या त्या ठोकळ्यांच्या लेव्हल मात्र अजूनही आळीपाळीने खेळतो. जो पडतो तो कंट्रोलर दुसऱ्याच्या हातात देतो आणि कागदावर आपली तीन उत्तरे लिहायला घेतो.